चॉकलेटवरची पुस्तकं: झाडापासून सांगणारं कुठलं वाचावं?

केरीकरीण

नमस्कार मंडळी,

आमचं कुळागर फोंडा तालुक्यात आहे. पोफळी, माड, केळी, मिरवेली, जायफळ, आणि पोफळींच्या सावलीत सासऱ्यांनी लावलेली कोकोची झाडं. त्यांच्या काळात ओल्या बिया विकत घ्यायला माणूस दारात यायचा. पुढे तो यायचा थांबला आणि फळं खारींच्या नि माकडांच्या वाट्याला गेली. २०२४ मध्ये कोकोचे भाव भडकले, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात टनाला १०,००० डॉलरच्या वर गेले, तेव्हा घरात त्या झाडांचा विषय पुन्हा निघाला.

पण विकण्याआधी मला ते झाड आणि त्याचं चॉकलेट समजून घ्यायचंय. व्हिडिओ पुष्कळ पाहिले. एक म्हणतो बिया धुवा, दुसरा म्हणतो अजिबात धुऊ नका, आणि कारण दोघंही सांगत नाहीत. म्हणून पुस्तक हवंय. इतिहास, बनवण्याची रीत, चव कशी पारखायची, काहीही चालेल. नुसत्या केक-ब्राउनीच्या पाककृती नकोत.

माझं एक मत आहे, पटलं नाही तर भांडा: चॉकलेटवरचं जे पुस्तक वेष्टनातल्या बारपासून सुरू होतं ते अर्धंच पुस्तक. सुरुवात झाडापासून हवी, कारण चव तिथे ठरते. इंग्रजी चालेल. सासूबाई पोर्तुगीज शाळेत शिकल्यात, त्यामुळे पोर्तुगीजही चालेल. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं.

मांडवीकाठी

ताई, इतिहासासाठी डोळे मिटून एकच नाव: सोफी आणि मायकल को यांचं 'द ट्रू हिस्टरी ऑफ चॉकलेट'. पहिली आवृत्ती १९९६ ची. सोफी को खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक. पुस्तकाचं काम चालू असतानाच १९९४ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती मायकल को माया संस्कृतीचे नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. त्यांनी टिपणं जुळवून पुस्तक पुरं केलं.

मला ते आवडतं याचं कारण असं की युरोप येईपर्यंत पुस्तकाची बरीच पानं उलटून जातात. बाकीच्या पुस्तकांत मेक्सिको दोन परिच्छेदांत उरकतात आणि लगेच पॅरिस-लंडन सुरू. इथे ग्वाटेमालातल्या रिओ आसुल इथल्या थडग्यात सापडलेलं भांडं आहे. त्याचं झाकण फिरवून बसवायचं, आणि त्यावरच्या चित्रलिपीत कोकोचं नाव वाचता आलं. मग आतल्या सुकलेल्या थरात कोकोचे घटक आहेत हे हर्शी कंपनीच्या प्रयोगशाळेने दाखवलं. लिपी आणि रसायन दोन्हींनी एकच साक्ष दिली!

१५०२ चा कोलंबसाचा प्रसंगही त्यात आहे. होंडुरासजवळच्या बेटापाशी त्याला मालाने भरलेली मोठी होडी भेटली. त्यात कसल्याशा बिया होत्या, आणि एखादी खाली पडली की लोक धडपडून ती उचलत होते. त्या बिया तिथलं चलन होतं, हे त्याच्या ध्यानात आलंच नाही.

पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एकदा चौकशी करा. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे. नसेल तर पुस्तकाची मागणी नोंदवता येते.

पेडणेकार

हातात चॉकलेट न घेता ही पुस्तकं वाचायची परवानगी कुणाला आहे का? मी वाचतोय, म्हणजे धागा. चॉकलेट संपलं.

रसायनवाला

इतिहास रम्य आहे, पण केरीकरीणताईंचा प्रश्न 'कारण काय' असा आहे. त्याचं उत्तर स्टीफन बेकेट यांच्या 'द सायन्स ऑफ चॉकलेट'मध्ये मिळेल. २००० साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने काढलं. लेखक आयुष्यभर चॉकलेट उद्योगात संशोधन करणारे. बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल तर सहज वाचता येतं, आणि शेवटी शाळेत करण्याजोगे प्रयोगही दिलेत. मी विद्यार्थ्यांना त्यातले करायला लावतो. त्या दिवशी वर्गात गैरहजेरी नसते.

कोकोच्या लोण्याचे, म्हणजे बीमधल्या स्निग्धाचे, स्फटिक सहा प्रकारे जमतात हे त्यात नीट समजावलंय. पाचवा प्रकार हवा. तो ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून बार खोलीत घट्ट राहतो आणि तोंडात विरघळतो. टेम्परिंग म्हणजे सगळं लोणी त्या पाचव्या रूपात आणणं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ वर न्या. मधल्या पायरीला चांगले-वाईट दोन्ही स्फटिक तयार होतात, शेवटच्या ऊबेत वाईट ते विरतात.

आता मे महिन्यातल्या मडगावच्या खोलीचं तापमान आठवा आणि त्या ३४ अंशांशी ताडून बघा. काउंटरवरचं चॉकलेट आपल्याकडे पांढुरकं का पडतं ते कळेल. ती बुरशी नसते. वितळून वर आलेलं लोणी पुन्हा वेड्यावाकड्या रूपात गोठलेलं असतं.

चॉकोताई_पर्वरी

बेकेटचं पुस्तक माझ्याकडे आहे आणि मी त्याला मान देते, पण ते कारखान्याच्या नजरेने लिहिलेलं आहे. घरी किंवा छोट्या खोलीत बनवणाऱ्याला त्यातली यंत्रं परवडणार नाहीत. ताई, तुम्ही 'मेकिंग चॉकलेट' घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या डँडेलायन चॉकलेटच्या लोकांनी २०१७ मध्ये काढलेलं. घरच्या ओव्हनमध्ये बिया भाजणं, टरफलं उडवणं, दळणं, सगळं छोट्या प्रमाणात सांगितलंय. टरफलं उडवायला ते केस वाळवायचं यंत्र वापरतात. आपल्याकडे सूप आहे. पाखडता येणाऱ्या बाईला ते यंत्र लागत नाही.

आणि दळायला काय वापरतात? दगडी रोळ्यांचा ओला ग्राइंडर, आपण इडली-डोशाचं पीठ वाटतो तोच. अमेरिकेतल्या छोट्या चॉकलेटवाल्यांची अख्खी पिढी भारतीय ग्राइंडरवर उभी राहिली. सलग एक-दोन दिवस फिरवावा लागतो, म्हणून त्यासाठी मोटर आणि पट्टा मजबूत केलेले ग्राइंडर वेगळे मिळतात. घरचा पिठाचा वापरू नका: मोटर तापते, आणि भांड्यात पाण्याचा थेंब जरी राहिला तरी चॉकलेट गच्च आकसतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात पुरेशी नाही, ती म्हणजे आपला जुलै. हवेतलं पाणी साखर ओढून घेते आणि बारवर खरखरीत पांढरा थर येतो. हा लोण्याचा थर नव्हे, साखरेचा. बोट फिरवून बघा: लोण्याचा असेल तर ऊबेने विरतो, साखरेचा खरखरीत लागतो. फ्रीजमधून काढलेला बार लगेच उघडला तरी हेच होतं. पुस्तकवाले म्हणतात 'कोरड्या थंड जागी ठेवा'. ती जागा पर्वरीत मी एसी आणि आर्द्रता शोषणारं यंत्र लावून तयार केली आहे.

केरीकरीण

चॉकोताई, सुपाचं वाचून सासूबाई खूश झाल्या. दोन्ही पुस्तकं टिपून घेतली. पण अजून आपण भाजण्यापासूनच सुरू करतोय. त्याआधी आंबवणं आणि वाळवणं आहे ना? धुवायचं की नाही?

नाना_सत्तरी

बाय, आंबवायच्या आधी धुवायचं नाही. मी पूर्वी ओल्या बिया विकायचो, आता स्वतः आंबवतो. तुला कारण हवंय ना, ते सांगतो.

फळ फोडलं की बियांभोवती पांढरा गर असतो, आंबटगोड, चोखून खाल्ला तर लिचीची आठवण येते. त्या गरातली साखर हेच आंबवण्याचं इंधन. आधी यीस्ट लागतं आणि दारू तयार होते. इथपर्यंत काजूचा रस आंबतो तसंच. मग बिया ढवळल्या की आत हवा जाते आणि त्या दारूचं व्हिनेगर होतं. त्यात ढीग इतका तापतो की हात घालवत नाही, ४५ ते ५० अंशांपर्यंत जातो. ती उष्णता आणि ते आम्ल बीमध्ये शिरून कोंब मारतात. कोंब मेला की बीच्या आतली घडण मोडते, आतले रस एकमेकांत मिसळतात, कडूपणा आणि तुरटपणा उतरतो. चॉकलेटच्या वासाला जे लागतं ते तिथे तयार होतं, भाजल्यावर ते नुसतं बाहेर येतं. गर धुऊन टाकलास तर इंधनच गेलं. न आंबवलेली बी कितीही भाज, तुरटच लागणार.

माझी रीत: बांबूची पाटी, तळातून रस गळेल अशी. आत केळीची पानं, वर केळीची पानं, त्यावर वजन. तिसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी वरच्या बिया खाली, खालच्या वर. सहाव्या दिवसानंतर उन्हात. ही रीत केरळ आणि कर्नाटकातल्या छोट्या बागायतदारांसाठी सांगितलेली आहे. जाड इंग्रजी पुस्तकांत घाना आणि आयव्हरी कोस्टचे मोठमोठे ढीग असतात. आपल्याकडे एका तोडणीला तेवढं निघतच नाही. थोड्या बिया उघड्या ढिगात ठेवल्या तर तापतच नाहीत, नुसत्या कुजतात.

म्हणून माझं पुस्तक विचाराल तर ते पुस्तकांच्या दुकानात मिळणारं नाही. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या पुस्तिका आणि कोचीच्या काजू व कोको विकास संचालनालयाची प्रकाशनं वाच. पोफळीत कोको कसा घ्यायचा, छाटणी केव्हा, सगळं त्यात आहे. आपल्याकडे जुने गोवेला एला इथे केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेही जाऊन विचार.

आणि पावसात फळ काळं पडतं ना, तो फायटोफ्थोरा नावाच्या रोगजंतूचा रोग. पोफळीच्या कोळेरोगाचा सख्खा भाऊ. बोर्डो मिश्रण मारायला गडी पोफळीवर चढतात तेव्हा खाली कोकोकडेही बघायचं, आणि काळी फळं झाडावर ठेवायची नाहीत, तोडून लांब पुरायची. खारींसाठी उपाय एकच, पिकल्याबरोबर तोड. झाडावर वाट बघू नकोस, खार तुझ्याआधी उठते.

मांडवीकाठी

नाना, हा प्रतिसाद छापून ठेवण्याजोगा आहे.

पोर्तुगीज_दप्तर

इतका वेळ गप्प होतो. गोव्यात बसून चॉकलेटचा इतिहास वाचायचा तर एक प्रकरण टाळता येणार नाही: साओ तोमे आणि प्रिन्सिप. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळची ही बेटं १९७५ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे आपल्यावर ज्या लिस्बनचा अंमल होता, त्याच लिस्बनचा तिथे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून कोको तिथे गेला आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही चिमुकली बेटं जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत मोडत होती. मजूर अंगोलातून आणत. कागदोपत्री ते करारावरचे कामगार. प्रत्यक्षात जो गेला तो परत आला नाही.

हेन्री नेव्हिन्सन या ब्रिटिश पत्रकाराने स्वतः अंगोलात आणि बेटांवर जाऊन १९०६ मध्ये 'अ मॉडर्न स्लेव्हरी' लिहिलं. कॅडबरी तिथलाच कोको घेत होती. त्यांनी जोसेफ बर्ट नावाचा माणूस १९०५ मध्ये चौकशीला पाठवला. खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. त्याच वर्षी एका वर्तमानपत्रावर कॅडबरीने केलेला बदनामीचा खटला उभा राहिला. ज्यूरीने निकाल कॅडबरीच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! ज्यूरीला जे म्हणायचं होतं ते त्या आकड्यात आहे.

यावर दोन चांगली पुस्तकं आहेत. लोवेल सॅत्र यांचं 'चॉकलेट ऑन ट्रायल' २००५ चं, खटल्याभोवतीचं. कॅथरीन हिग्ज यांचं 'चॉकलेट आयलंड्स' २०१२ चं, बर्टच्या प्रवासामागून जाणारं. मी हिग्ज आधी वाचायला सांगेन, कारण त्यात बेटं, मळे आणि माणसं दिसतात.

म्हापशाची_मीना

दप्तरदादा, तुमच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण मला एक प्रामाणिकपणे म्हणायचंय. प्रत्येक खाण्याच्या धाग्यावर शेवटी शोषण येतंच. ताईंना चॉकलेट करायला शिकायचंय. मी कॅरोल ऑफ यांचं 'बिटर चॉकलेट' वाचलं होतं, आयव्हरी कोस्टच्या मळ्यांत राबणाऱ्या मुलांबद्दलचं. त्यानंतर कित्येक दिवस मुलीला चॉकलेट देताना हात आखडायचा. आनंदाने वाचण्यासारखं काही सुचवा ना.

पोर्तुगीज_दप्तर

मीनाताई, तुमचा हात आखडला हे त्या पुस्तकाचं यश आहे. केरीकरीणताई स्वतः कोको पिकवतात. बाजारात स्वस्त कोको कुठून येतो हे त्यांना कळलं नाही, तर त्यांच्या बियांना भाव का मिळत नव्हता हेही कळणार नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या शेतकऱ्याला जे मिळतं, त्याच्यावर आपल्या फोंड्यातला दर ठरतो.

केरीकरीण

मीनाताईंचं दुःख समजतं, पण मी दादांच्या बाजूने. आमच्या दारात येणारा माणूस का थांबला, हा प्रश्न सासऱ्यांनी शेवटपर्यंत विचारला. हिग्ज यादीत घेतलं.

बार्देशी

पोर्तुगीजांनी काजू आणला, मिरची आणली, अननस आणला. कोकोही त्यांनीच गोव्यात आणला असणार, नाही का?

पोर्तुगीज_दप्तर

'असणार' वर इतिहास चालत नाही, बार्देशीबाब. भारतात कोको लावल्याची जुनी नोंद १७९८ ची, तमिळनाडूतल्या कुर्ताळमची, आणि ती ईस्ट इंडिया कंपनीची. रोपं इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून आलेली. शेती म्हणून कोको रुजला तो त्यानंतर फार उशिरा, १९६५ च्या सुमाराला, कॅडबरीने वायनाडमध्ये प्रात्यक्षिक मळा सुरू केल्यावर. मग केरळ, दक्षिण कन्नड, पोफळीच्या बागा. १९८६ मध्ये कॅम्पकोचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना सुरू झाला, आणि तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा. पोफळीखालच्या कोकोचं घराणं हे आहे.

दोनापावल_वाचक

चव पारखण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. क्लोए दूत्र-रुसेल यांचं 'द चॉकलेट कॉनसर' २००५ चं. लेखिका लंडनच्या एका जुन्या प्रतिष्ठित दुकानासाठी चॉकलेट निवडायच्या. चव घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे हे त्यांनी मला पटवलं. बार मोडताना आवाज ऐका, तकाकी बघा, वास घ्या, मग तुकडा जिभेवर ठेवून चावायचा मोह आवरा. आधी आंबटपणा येतो का, मध्ये फळ, सुकामेवा, मसाला काय जाणवतं, गिळल्यावर तोंडात काय उरतं आणि किती वेळ. मध्ये साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी.

आणि वेष्टनावरचे टक्के. ७० टक्के म्हणजे उत्तम आणि ५५ म्हणजे हलकं, असं लोक धरून चालतात. ७० टक्के म्हणजे कोकोच्या बिया आणि वरून घातलेलं कोकोचं लोणी मिळून ७०. बीमध्ये स्वतःचंच निम्म्याच्या आसपास लोणी असतं. त्यामुळे ७० टक्क्यांचे दोन बार कडूपणात एकमेकांपासून कोसभर दूर असू शकतात. टक्के साखर किती ते सांगतात, बी कशी आहे ते नाही.

पण मला एकच पुस्तक निवडायला सांगितलं तर मारिसेल प्रेसिया यांचं 'द न्यू टेस्ट ऑफ चॉकलेट' निवडेन. २००१ चं, सुधारित आवृत्ती २००९ ची. बाई मूळच्या क्यूबाच्या, मध्ययुगीन स्पेनच्या इतिहासात डॉक्टरेट, आणि वर स्वतः उपाहारगृह चालवणाऱ्या. केरीकरीणताई, तुमच्या मताप्रमाणे हे पुस्तक झाडापासून सुरू होतं. कोकोच्या जातींचे, फळांचे फोटो पाहत बसावेत असे. क्रिओलो जातीचं वर्णन वाचून तर ते झाड आपल्याकडे असावं असं वाटतं.

रसायनवाला

प्रेसियांचं पुस्तक सुंदर आहे, पण क्रिओलो उत्तम, फोरास्तेरो सामान्य, त्रिनितारिओ मधलं, ही उतरंड आता टिकत नाही. २००८ मध्ये मोतामायोर आणि सहकाऱ्यांनी झाडांची जनुकं तपासून कोकोचे १० गट मांडले. जुन्या 'फोरास्तेरो'च्या पोतडीत एकमेकांपासून पार वेगळे गट कोंबलेले होते. आपल्या कुळागरांतली झाडं बहुतेक फोरास्तेरो म्हणून ओळखली जातात. तेवढ्यावरून ती कमअस्सल ठरत नाहीत. नानांसारखा माणूस नीट आंबवत असेल तर माझ्या लेखी तीच बी वरची.

दोनापावल_वाचक

१० गटांचं मान्य. पण जात काहीच नाही आणि आंबवणं सगळं, हे टोकाचं झालं. सिमरन सेठी यांचं 'ब्रेड, वाइन, चॉकलेट' वाचा, २०१५ चं. जुन्या जाती नाहीशा झाल्या तर त्यांच्यासोबत चवीही जातात, हे त्यांनी कोको, कॉफी, गहू अशा कितीतरी पिकांतून दाखवलंय. नाना कितीही कसबी असले तरी जी चव बीमध्ये नाहीच ती पाटीत कुठून येणार?

नाना_सत्तरी

दोघांचंही खरं. पण वाईट आंबवलं तर उत्तम जातीचीही माती होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुंकळ्ळीचो_भुरगो

थोडं अवांतर. चॉकलेटमध्ये आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, चालतं हे खरं का? आमच्या घरी आजी भिरंडांच्या बियांचं काढते. टाचांच्या भेगांना लावतो.

चॉकोताई_पर्वरी

शंभर टक्के खरं! युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमांत कोकोच्या लोण्याखेरीज सहा वनस्पतींचं स्निग्ध ५ टक्क्यांपर्यंत चालतं. त्यात साल, आंब्याची कोय आणि कोकम आहेत. म्हणजे आपल्या परसातलं भिरंड ब्रसेल्सच्या कायद्यात नावानिशी नोंदलेलं आहे. कोकमतेल कोकोच्या लोण्यापेक्षा जास्त उष्णतेला वितळतं, त्यामुळे किंचित घातलं तर बार आपल्या उन्हाळ्याला जरा तोंड देतो. जास्त घातलं तर तोंडात मेणचट लागतो. बाजारातल्या स्वस्त 'कंपाऊंड'शी मात्र याची गल्लत करू नका. त्यात कोकोचं लोणी काढून दुसरंच वनस्पती स्निग्ध घातलेलं असतं.

पेडणेकार

म्हणजे एकच डबा, वरून चॉकलेटला आणि खालून टाचांना. आजीला सांगा, युरोपची मान्यता आहे.

कुंकळ्ळीचो_भुरगो

सांगितलं. म्हणाली, त्यांनी मान्यता द्यायच्या आधीपासून मी लावतेय.

मांडवीकाठी

केरीकरीणताई, तुमच्या सासूबाईंसाठी एक सुचतं. चॉकलेटवरच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक १६३१ चं आहे, माद्रिदमध्ये छापलेलं, अंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या वैद्याचं. स्पॅनिश आहे, पण पोर्तुगीज येणाऱ्याला बरंचसं लागतं. त्यात चॉकलेटची कृती आहे: कोको, सुकी मिरची, बडीशेपेच्या जातीचा मसाला, दालचिनी, व्हॅनिला, बदाम. आणि सबंध चर्चा थंड-उष्ण प्रकृतीची. कोको थंड, मसाले उष्ण, कुणी केव्हा प्यावं, वगैरे. आपल्या घरांत आजही असंच बोलतात, त्यामुळे सासूबाईंना परकं वाटणार नाही.

म्हापशाची_मीना

मिरची आणि दालचिनीचं चॉकलेट करून बघणार! हे आवडलं. आणि मंडळी, कादंबऱ्यांना बंदी आहे का? रोआल्ड डालच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'शिवाय ही यादी मला अपुरी वाटते. डाल रेप्टनच्या शाळेत होते तेव्हा कॅडबरी मुलांना नवीन चॉकलेटं चाखून मत द्यायला पाठवायची. त्यातून पुढे १९६४ चं ते पुस्तक उमललं. माझ्या मुलीने चॉकलेट कुठून येतं हा प्रश्न ते वाचूनच पहिल्यांदा विचारला.

केरीकरीण

मीनाताई, मुलीला घेऊन सुटीत या, झाडाच्या बुंध्याला लागलेलं फळच दाखवते.

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा क्रम असा ठरवतेय: आधी नानांनी सांगितलेल्या संस्थेच्या पुस्तिका, कारण तोडणी तोंडावर आली. मग डँडेलायन. प्रेसिया आणि को पावसाळ्यात, सवडीने. हिग्ज त्यानंतर. बेकेट हाताशी, अडलं की उघडायला. सासूबाईंना कोल्मेनेरो छापून देते, ती जबाबदारी मुलाने घेतली.

मराठीचं मात्र कुणी बोललं नाही. मला पाककृतींच्या पुढचं, झाडापासून बारपर्यंत नेणारं मराठी पुस्तक हवंच आहे. पाटीतला रस, कोळेरोग, सूप, भिरंडेल, जुलैची हवा, हे इथे आज ज्यांनी लिहिलं त्यांच्याखेरीज कोण लिहिणार? नानांनी आंबवण्याचं सांगावं, चॉकोताईंनी दळण-टेम्परिंगचं, दादांनी साओ तोमेचं. टंकून द्यायला मी तयार आहे.

नाना_सत्तरी

मी बोलतो, तू लिही. पण आधी तुझी पहिली पाटी होऊ दे. वाळल्यावर काही बिया उभ्या चिरून बघ. आत तपकिरी आणि भेगाळलेलं असेल तर जमलं. जांभळट असेल तर आंबणं कमी पडलं. शाळेतल्या दगडी पाटीसारखं करडं आणि घट्ट असेल तर आंबलंच नाही. मुठीत धरून दाबल्यावर कुरकुरल्या की वाळल्या. त्याआधी पोत्यात भरल्यास तर बुरशी ठरलेली. पावसाची सर येईल तेव्हा धावत गोळा कराव्या लागतील, म्हणून सुपाऱ्या वाळवायच्या ताडपत्रीच्या मांडवाखाली पसर.

चॉकोताई_पर्वरी

वाळल्या की मूठभर माझ्याकडे पाठवा, भाजून आणि दळून देते. मराठी पुस्तकाच्या माझ्या भागात जुलैवर आख्खं प्रकरण असेल.

पोर्तुगीज_दप्तर

साओ तोमेचं प्रकरण माझ्याकडे लागलं. क्रमात हिग्ज इतकं मागे ढकललंय त्याची नोंद घेतली आहे.

दोनापावल_वाचक

आणि प्रेसिया पावसाळ्यापर्यंत थांबवू नका. तोडणीच्या आधी त्यातले फळांचे फोटो आपल्या झाडांशी ताडून बघा, आपल्या बागेत काय काय मिसळलंय ते ओळखायला मदत होईल. माझी प्रत देते, पणजीत कधी येताय ते कळवा.